तिसरं पेडल

हायब्रिड गाडी म्हणजे काय, हे मला आमच्या घरात आजवर कोणाला पटवून सांगता आलेलं नाही. मेहुणा म्हणतो, पेट्रोल संपलं की ती बॅटरीवर चालते. नाही चालत. बायको म्हणते, म्हणजे मोबाइलसारखी रात्री चार्जिंगला लावायची. तेही नाही. मी चिडतो, आणि मी चिडलो की ही मंडळी मुद्दाम आणखी काहीतरी चुकीचं बोलतात. गोष्ट साधी आहे. पेट्रोलचं इंजिन असतं, त्याच्या जोडीला विजेची मोटर असते, दोघं वाटून ओझं ओढतात, आणि ब्रेक दाबला की वाया जाणाऱ्या जोरातून बॅटरी भरते. संसार असा चालला असता तर आणखी काय हवं होतं.

आम्ही गाडीवेडे ज्या हायब्रिडची वाट पाहत होतो ती मात्र संसारी नव्हती. ठेंगणी, रुंद, मागे धुराची दोन नळकांडी, सीटला लाल शिवण. कंपनीनं आधी नुसती तिची सावली दाखवली, मग एक दिवा, मग अर्धं दार. एवढे नखरे बोहल्यावरचा नवरदेवही करत नाही. आणि आम्ही केस पिकलेली, घरदार असलेली माणसं ती सावली मोबाइलवर दोन बोटांनी मोठी करकरून पाहत बसायचो.

बाकीच्यांना तिच्याबद्दल हजार प्रश्न होते. मला एकच होता. पायाशी पेडल दोन आहेत की तीन? दोन असले तर ऑटोमॅटिक, गिअर गाडीच बदलणार, माणसानं फक्त बसायचं. तीन असले तर क्लच आहे, आणि क्लच आहे म्हणजे हातानं टाकायचे गिअर आहेत. दुसऱ्यांसाठी हा शौकाचा प्रश्न होता. माझ्यासाठी नव्हता. तो का नव्हता, ते आधी सांगायला हवं.

मला गाडी चालवता येत नाही. येत होती, उत्तम येत होती. चाळिशीत माझ्या डोळ्यांना कडेचं दिसेनासं झालं. समोरचं अजूनही स्वच्छ दिसतं. कॉलेजात फळ्यावर लिहितो, पोरांचे पेपर तपासतो. पण बाजूनं येणारा माणूस, सायकल, गाय मला येताना दिसत नाही, एकदम पुढ्यात उभी राहते. इथे नागपुरात, सक्करदऱ्याच्या चौकात एकदा एक स्कूटरवाली बाई अशीच उभी राहिली. तिला काही झालं नाही, पण तिनं मला ज्या शिव्या दिल्या त्या रास्त होत्या. डॉक्टर म्हणाले, हे बरं होणार नाही, आणि स्टिअरिंगला हात लावायचा नाही. मी गाडी विकून टाकली. लोक घरी येऊन सांगायचे, "बरं झालं, आता ट्राफिकचं टेन्शन नाही." त्या लोकांचा मला अजून राग आहे.

माझा एक मित्र आहे, शाळेपासूनचा. दिघोरीकडे त्याचं टाइल्सचं दुकान आहे. तो सांत्वनाला आला नाही. एका रविवारी सकाळी गाडी घेऊन दारात आला आणि हॉर्न वाजवत राहिला. त्याची गाडी तेव्हा नवीन होती, छोटीशीच, पण इंजिन तिखट. मी त्याच्या डावीकडे बसलो. तो उमरेड रोडला लागला, आणि दिघोरी मागे पडल्यावर म्हणाला, "दुसरा टाक."

मला कळेना. "काय?"

"दुसरा टाक ना बे. मी क्लच दाबून ठेवला आहे."

गिअरचा दांडा दोन सीटांच्या मधोमध असतो. ड्रायव्हर तो डाव्या हातानं हलवतो, पण डावीकडे बसलेल्याच्या उजव्या हातालाही तो तितकाच जवळ असतो. मी दुसरा टाकला. त्यानं क्लच सोडला, गाडी पुढे सरकली. मग तिसरा. मग चौथा. कुही फाट्यापर्यंत आमच्यात दुसरं काही बोलणं झालं नाही. परत आल्यावर मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडलो, हे मी बायकोलाही पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

तिथून ती आमची रीतच होऊन बसली. दर रविवारी सकाळी कुहीकडे जायचं. स्टिअरिंग, ब्रेक आणि रस्ता त्याचा, गिअर माझे. सुरुवातीला तो 'हं' म्हणायचा, मग तेही लागेना. इंजिनचा आवाज एका ठरावीक पट्टीत गेला की मी हात न्यायचो, आणि माझा हात गेला की त्याचा पाय खाली जायचा. कोण कोणाला सांगतं आहे ते आम्हालाही कळत नसे. उमरेडकडून कोळशाचे ट्रक येतात-जातात. अशा एखाद्या ट्रकच्या मागे अडकलो की मी चौथ्यातून तिसरा खाली टाकायचो, इंजिन ओरडायचं, आणि आम्ही ट्रकच्या पुढे. त्या एका क्षणात मी गाडी चालवत असायचो. मी गाडीत बसलेला नव्हतो, चालवत होतो. माझी बायको म्हणायची, "दोघं मिळून एक ड्रायव्हर." तिला ती थट्टा वाटायची. मला ती माझी खरी ओळख वाटायची.

अशी वर्षं गेली. गाडी म्हातारी झाली. दुसरा गिअर टाकताना खरखरायला लागला. मी त्याला समजुतीनं घ्यायचो, आधी जरा थांबून, मग हळूच. मित्राच्या घरी नव्या गाडीचं निघालं. तो मला म्हणाला, "नवी घेतली तं आपल्या दोघाईची घेऊ गा. तुयाशिवाय मी काय चालवणार?" हे त्याचे शब्द आहेत. मी त्यात काही घातलेलं नाही.

नेमकी तेव्हाच त्या हायब्रिडची बातमी आली.

आमचा अड्डा म्हणजे सक्करदरा तलावाजवळची पोह्याची गाडी. कुहीहून परत आलो की तिथे आणखी दोघं भेटत. एक वीज खात्यातले इंजिनिअर, ज्यांचा कुठल्याही नव्या गोष्टीवर विश्वास नाही. दुसरी एक दातांची डॉक्टर, जी आम्हा सगळ्यांपेक्षा जोरात गाडी चालवते आणि तितक्याच जोरात पोह्यांवर झणझणीत तर्री मागते. आम्ही चौघं पोहे खात त्या गाडीचं भविष्य सांगायचो. कंपनीच्या लोकांना तरी तेव्हा काही ठाऊक होतं की नाही, मला शंका आहे.

"आपल्या उन्हाळ्यात बॅटरी शिजन," इंजिनिअर म्हणायचे. "मेमंदी नागपूरले माणूस चालत नाही, बॅटरी काय चालन?"

"सीटखाली असते ती, सर. तिले एसीची हवा लागते," डॉक्टर म्हणायची.

"म्हणजे माणसाची हवा ती घेणार."

मग डिकीत जागा किती उरेल, स्टेपनी मिळेल की पंक्चर काढायची बाटली देऊन बोळवण करतील, पेट्रोलमध्ये हल्ली जे काही मिसळतात ते या इंजिनाला पचेल का. डॉक्टरला आशा होती ती मोटरच्या जोराची: सिग्नलवरून सुटताना विजेची मोटर इंजिनाची वाट पाहत नाही, लगेच ढकलते. इंजिनिअरना भीती होती ती आवाजाची. बऱ्याच हायब्रिड गाड्यांत तुम्ही पाय दाबला की इंजिन एकाच सुरात भोकाड पसरतं आणि गाडी आपली सावकाश मागून येते. "स्पोर्टी म्हणे," ते म्हणायचे, "लाल दोरा लावला की झाली स्पोर्टी. माझ्या बायकोच्या पर्सलेही लाल दोरा आहे."

मी म्हणायचो, क्लच देतील. हायब्रिडला हातानं टाकायचे गिअर देणं अवघड आहे हे मला ठाऊक होतं; वाचलेलं सगळं उलटच सांगत होतं. मोटर आणि इंजिन यांची वाटणी गाडीतला कॉम्प्युटर करतो, त्यात माणसाचा पाय मध्ये आला की त्याचा हिशोब बिघडतो. पण पूर्वी कोणीतरी तशी गाडी केली होती, आणि एकदा झालं ते पुन्हा होऊ शकतं. शौकिनांसाठी गाडी काढताय ना? मग शौकिनाच्या पायाखालचं पेडल काढून कसं चालेल? मी हे इतक्या तावातावानं बोलायचो की पोहेवालाही मान डोलवायचा. मित्र शेजारीच बसलेला असायचा. तोही मान डोलवायचा. "द्याले पाहिजे," म्हणायचा. "क्लच तं द्याले पाहिजे."

मे महिन्यात एका दुपारी त्याचा फोन आला. वर्धा रोडच्या एका पेट्रोल पंपावर ती गाडी उभी होती! उन्हात चाचणी घ्यायला कंपन्या आमच्याकडे गाड्या आणतात. आमचा उन्हाळा एवढ्या कामाचा तरी आहे. अंगभर काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे स्टिकर लावलेले, चेहरा झाकलेला, पण घडण तीच. चालवणारे दोघं पाणी प्यायला उतरले होते आणि हा काचेला नाक लावून आत पाहत होता.

मी विचारलं, "पेडल किती आहेत? तीन आहेत ना? नीट पाह्य. तीन आहेत ना?"

थोडा वेळ पंपावरचे आवाज ऐकू आले. मग तो म्हणाला, "हो. तीन आहेत."

मी परत विचारलं. तो परत म्हणाला, तीन.

संध्याकाळी त्यानं फोटो पाठवला. काचेवर आभाळाचं प्रतिबिंब, आत अंधार, आणि अंधारात पायाशी तीन ठिकाणी काहीतरी चमकतंय. पुढच्या रविवारी इंजिनिअरनी तो पाहिला आणि म्हणाले, "अहो सर, हे डावीकडचं पेडल नाही. डावा पाय ठेवाचा ठोकळा आहे तो. ऑटोमॅटिकमंदी पण असतो." डॉक्टरलाही तसंच वाटलं. मी भडकलो. म्हणालो, फोटोचं सोडा, ज्यानं डोळ्यांनी पाहिलं तो इथे बसला आहे, त्याला विचारा. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो कांदा पोह्यांत मिसळत म्हणाला, "मले तं तीनच दिसले."

झालं. माझ्या लेखी तो विषय संपला. ज्या माणसाच्या डोळ्यांवर भरवसा ठेवून मी दर रविवारी रस्त्यावर जीव सोपवत होतो, त्यानं पाहिलं म्हणजे पाहिलं.

त्या उन्हाळ्यात मी किती जणांशी भांडलो त्याची गणती नाही. इंटरनेटवर गाडीवाल्यांचे कट्टे असतात, तिथे मी लांबलचक लिहायचो. पुण्याचा एक जण मला म्हणाला, हायब्रिडला क्लच येणं शक्य नाही. मी त्याला उत्तर दिलं की आमच्या माणसानं काचेला नाक लावून पाहिलं आहे, तुम्ही कागदावरच्या आकृत्या बघत बसा. बायको म्हणाली, "बाजारात तुरी, अन् तुम्ही भांडून राहिले." मी तिला समजावलं की तुरी आता बाजारात नाहीत, वर्धा रोडवर आल्या आहेत. मी आनंदात होतो, दुसरं काय सांगू. दुसरा गिअर खरखरला तरी मला वाईट वाटेनासं झालं. म्हटलं, ओढ बाई थोडे दिवस, तुझी सून येतेच आहे.

पोळा झाल्यावर गाडी जाहीर झाली. आम्ही चौघं मित्राच्या घरी टीव्हीसमोर बसलो होतो. धूर, दिवे, ढोल, आणि पडदा सरकला. दिसायला देखणी होती, ते मी नाकारत नाही. मग सूट घातलेला एक माणूस आत बसला आणि कॅमेरा त्याच्या हाताकडे गेला. दोन सीटांच्या मध्ये अंगठ्याएवढी एक बटणासारखी खुंटी होती. तो म्हणाला की यापुढे शौकिनांना गिअरची कटकट नाही. कॅमेरा पायाकडे गेला. ब्रेक, ॲक्सिलरेटर, आणि डावीकडे पाय ठेवायचा ठोकळा.

इंजिनिअर हसले. त्यांचा हक्कच होता. डॉक्टरनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिला आमची रीत ठाऊक होती. मी मित्राकडे पाहिलं. मला वाटलं, तोही माझ्यासारखा चाट पडला असेल. पंपावरचं ते चाचणीचं मॉडेल होतं, नंतर कंपनीनं बदललं असेल, असं काहीतरी तो आता बोलेल. तो टीव्हीकडे पाहत होता. त्याला आश्चर्य वाटलेलं नव्हतं.

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. त्या बिचाऱ्यांना काय माहीत. म्हणाल्या, "आवडली का भाऊजी? लालच सांगितली आहे आम्ही. उन्हाळ्यातच नाव लावून ठेवलं यांनी, म्हणून दिवाळीच्या आत मिळते म्हणे. शोरूमवाला तेव्हाच म्हणाला होता, क्लच नाही, मंग मी पण शिकीन."

मी चहा घेतला. मला आठवतं, तो अतिशय गोड होता आणि मी तो सगळा प्यायलो. मग उठून बाहेर पोर्चमध्ये गेलो. तो मागून आला.

"पंपावर पाहिलं होतं तू," मी म्हणालो.

"हो."

"किती होते?"

"दोन."

"मंग तीन काहून सांगितले?"

"तू फोनवर असा विचारत होता ना बे, तीन आहेत ना, तीन आहेत ना म्हणून. मले नाही सांगता आलं."

"त्या दिवशी नाही आलं. मंग नंतर? अख्खा उन्हाळा, अख्खा पावसाळा होता तुयाजवळ. मी तिकडे पोह्याच्या गाडीवर भांडून राहिलो होतो, तेव्हा कांदा कालवत होता तू."

तो जुन्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभा होता. "मले वाटलं, कंपनीच सांगन तुले. माझ्या तोंडून नको." मग म्हणाला, "एक सांगू? राग नको मानू गा. मले एकट्यानं चालवाची आहे गाडी. इतकी वर्षं झाली, माझ्या डाव्या हाताले कामच नाही. तुया मनात येईल तो गिअर, तुया मनात येईल तवा. कधी कधी वाटते, आपण गाडी चालवून राहिलो का तुले फिरवून राहिलो."

हे ऐकून मी काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. विदर्भातल्या माणसाला शिव्या शोधाव्या लागत नाहीत.

पण घरी येताना, आणि नंतर कितीतरी दिवस, मी तेच उगाळत बसलो. त्याला एकट्यानं चालवायची होती, हे मला समजू शकतं. कोणालाही वाटेल. मी स्वतः गाडीवेडा आहे, डाव्या हाताची ती भूक काय असते ते मला कळत नाही असं नाही. एखाद्या रविवारी त्यानं मला सांगितलं असतं की बाबा, आज गिअर मी टाकतो, तर मी तोंड वाकडं केलं असतं, एक दिवस फुगलो असतो, आणि मग हात मांडीवर ठेवून बसलो असतो. त्यानं ते सांगितलं नाही. त्यानं कंपनीची वाट पाहिली. मी ज्या पेडलसाठी देव पाण्यात घालून बसलो होतो, ते येऊ नये म्हणून हा माझ्या शेजारी बसून आस लावत होता, आणि वरून "द्याले पाहिजे" म्हणत मान डोलवत होता. माझी भीती ती त्याची आशा होती. आणि जे मला दिसत नाही ते त्यानं मला खोटं सांगितलं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि मला ते त्या माणसानं केलं ज्यानं एकदा दारात हॉर्न वाजवून मला उठवलं होतं.

मी रविवारचं जाणं बंद केलं. पोह्याच्या गाडीकडेही फिरकलो नाही. बायको दोनदा म्हणाली, "जाऊ द्या, म्हाताऱ्या माणसांनी काय असं भांडाचं." मी म्हणालो, म्हाताऱ्यांनीच भांडायचं असतं, तरुणांना नवे मित्र मिळतात.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात त्याचा फोन आला. "चल, कुहीले जाऊन येऊ. जुनीनंच जाऊ."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण हात शिवशिवत होते. मी गेलो.

धान कापणीला आलं होतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना धानाच्या शेतांतल्या बांध्या पिवळ्या पडल्या होत्या, असं तो सांगत होता; मला समोरचा तुकडा दिसत होता, तो पिवळाच होता. पहिल्या चढापर्यंत आमचं काही जमेना. मी हात नेला की त्याचा पाय उशिरा, त्याचा पाय गेला की माझा हात उशिरा. दुसऱ्या गिअरनं खर्रकन् दात विचकले. पाचगावच्या पुढे कधीतरी ते आपोआप जुळलं. मग असं चाललं की पूर्वी कधी तसं चाललं नव्हतं. कोळशाचा एक ट्रक आम्ही असा मागे टाकला की मी मोठ्यानं हसलो, आणि तोही हसला. नेहमी आम्ही कुहीहून वळायचो. त्या दिवशी तो वळला नाही, पुढे जात राहिला, एका कालव्यापाशी थांबला, आणि परत येताना म्हणाला, "घे, मन भरून टाक आज." मी टाकले. काही ठिकाणी गरज नसताना टाकले.

घरासमोर उतरताना मी त्याला म्हणालो, "नवी येऊ दे. तुले एकट्यानं चालवाची तं चालव, मले काही म्हणाचं नाही. पण ही ठेव. तुयाकडे जागा नसन तं माझ्या दारात लाव. महिन्यातून एक रविवार पुरे आहे मले."

"पाहू ना," तो म्हणाला.

मी घरात जाऊन बायकोला सांगितलं की झालं गेलं विसरलो. खरंच विसरलो होतो. इतक्या वर्षांची मैत्री एका पेडलवरून सोडतात का? मी तिला हेही सांगितलं की आपल्या दाराशी ती झाडाची कुंडी आहे ती जरा सरकवावी लागेल.

धनत्रयोदशीला तो नवी गाडी घेऊन आला. झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली चिरडलेल्या लिंबाचा वास. माझी बायको तबक घेऊन बाहेर गेली. मीही गेलो. गाडीभोवती एक चक्कर मारली, दाराच्या आवाजाला दाद दिली, लाल शिवणीवरून बोट फिरवलं. मनात किल्मिष नव्हतं. मग विचारलं, "जुनी आज आणतो का उद्या?"

तो हार सरळ करत होता. "ती गेली गा."

"गेली म्हणजे?"

"बदल्यात दिली शोरूमले. ते तं बुकिंगच्या वेळीच ठरलं होतं."

उन्हाळ्यात ठरलं होतं. म्हणजे गेल्या आठवड्यात, मी दारात उभा राहून महिन्यातला एक रविवार मागत होतो तेव्हा, ती गाडी त्याची नव्हतीच.

"मंग त्या दिवशी कुहीले गेलो, तेव्हा तुले माहीत होतं, हे शेवटचं आहे म्हणून?"

त्याचा चेहरा खुलला. खोटं नाही सांगत, खुलला. त्याला वाटलं, मला अखेर समजलं. म्हणाला, "म्हणून तं नेलं ना तुले! म्हणूनच कालव्यापर्यंत नेलं. म्हटलं, मन भरून टाकू दे याले."

तो ते प्रेमानं बोलत होता, आणि तेच मला सहन झालं नाही. पेडलचं खोटं भीतीपोटी होतं. ते मी माफ करून टाकलं होतं. हे त्यानं मायेनं केलं होतं, त्यामुळे त्यात माफ करायला काही हातीच लागेना. निरोप दोघांचा होता, आणि तो यानं एकट्यानं उरकला. मला सांगितलं असतं की आज शेवटचं, तर मी काही गोंधळ घातला नसता. प्रत्येक गिअर मी शेवटचा म्हणून टाकला असता. दुसरा तर मी फार जपून टाकला असता. आणि घरासमोर आल्यावर गाडी न्यूट्रलला आणून हात काढून घेतला असता. आता मला आठवतही नाही की त्या दिवशी शेवटचा कोणता गिअर टाकला. मी कुंडी कुठे सरकवावी याचा विचार करत उतरलो होतो.

"बस ना," तो म्हणाला. "एक चक्कर मारू."

मी म्हणालो, नको. कारण दिलं नाही. बायको त्याच्या हातावर पेढा ठेवत होती आणि माझ्याकडे पाहत होती. तो थोडा वेळ थांबला, मग गेला.

त्यानंतर त्याचे फोन आले. मी उचलले, बोललो, तब्येती विचारल्या. भांडण नाही. लग्नकार्यात भेटतो. पण रविवारी मी जात नाही आणि तोही आता विचारत नाही. इंजिनिअर सांगतात, तो सकाळी एकटाच कुहीकडे जातो, फार खूश असतो. जातो तो आमच्याच गल्लीतून, दिघोरीला निघायला त्याला दुसरा सरळ रस्ता नाही. पण गल्लीत हळू जाताना ती गाडी इंजिन बंद ठेवून नुसत्या विजेच्या मोटरवर चालते, तिला आवाज नसतो. मी दाराशी पेपर वाचत बसलेलो असतो, आणि कडेनं जाणारं मला दिसत नाही.